दाणा सुटा दिसेपर्यंत

लग्नाचा मुहूर्त गुरुजी काढतात. पण भाईंदर पूर्वेच्या हॉलांमध्ये अंतरपाट खाली यायचा तो महिपत शिगवणने मान हलवल्यावर. महिपत व्हिडिओ शूटिंग करायचा. कॅसेट बदलायची असली की तो एक हात वर करी, आणि सनईसकट सगळे थांबत. एकदा ऐन वेळी बॅटरी गेली म्हणून त्याने नवऱ्या मुलाला मंगळसूत्र पुन्हा बांधायला लावलं. मुलाने बांधलं. मुलीच्या आईने पुन्हा डोळे पुसले. दुसऱ्या वेळचे जास्त चांगले आले, असं महिपत सांगायचा.

आम्ही एकाच इमारतीत राहतो. तो दुसऱ्या मजल्यावर, मी तळाला. मी स्टीलच्या भांड्यांच्या कारखान्यात पॉलिशला होतो, आता घरी असतो. मंडळाच्या कबड्डीच्या मैदानाची आखणी माझ्याकडे आहे. दोरी ताणायची, फक्की टाकायची, रेषा वाकडी गेली की पुसून पुन्हा टाकायची. त्यामुळे पुढचं बहुतेक सगळं मी जवळून बघितलंय.

महिपत गुहागरकडचा. मुंबईत आला तेव्हा दुसऱ्या एका शूटिंगवाल्याच्या मागे लाईट धरून उभा राहायचा. मग त्याने जुना कॅमेरा घेतला, मग नवा. अंगाने तो आळशी नव्हता. सकाळी हळदीपासून रात्री पाठवणीपर्यंत खांद्यावरचं ओझं खाली ठेवत नसे. आळस होता तो बोटांत. कॅमेऱ्याच्या अंगावर पुष्कळ बटणं होती, त्यातली महिपत दोन वापरायचा. एक चालू-बंदचं आणि दुसरं झूमचं. बाकी सगळं कॅमेराच ठरवायचा, कारण बाजूचा स्वीच हिरव्या अक्षरांत 'ऑटो'वर होता आणि दुकानातून आणल्यापासून तिथेच होता.

झूमच्या बटणावर त्याचा अंगठा मात्र भलताच तयार. कोणी रडलं की अंगठा पुढे जायचा. आजीने पदर नाकाला लावला की चित्र थेट नाकापर्यंत. लोक घरी सीडी बघून म्हणायचे, काय पकडलंय महिपतने.

एकदा त्याने ऑटो सोडून दुसरं काही करून बघितलं होतं. कॅमेऱ्याच्या पडद्यावर छोटी छोटी चित्रं यायची, त्यात एक माणूस काठी फिरवताना होता. महिपतला वाटलं, हे दांडियासाठी असणार. नवरात्रात मीरा रोडला एका सोसायटीने बोलावलं तेव्हा त्याने ते चित्र निवडलं. घरी येऊन बघतो तर काळोख. काळोखात फक्त टिकल्या चमकत होत्या. सोसायटीच्या शेठने त्याला हिंदीत आणि गुजरातीत दोन्हीकडून ऐकवलं. त्यानंतर महिपतने त्या काठीवाल्याचं नाव टाकलं. तो काठीवाला गोल्फ खेळतोय, ते चित्र पळापळीच्या खेळासाठी असतं आणि त्याला भरपूर उजेड लागतो, हे त्याला दोन हजार सहा साली कळलं. तेही मुलीमुळे.

मुलगी संचिता. बारावी झाली आणि शांती नगरात एका झेरॉक्सच्या दुकानात लागली. संध्याकाळी कबड्डी. ती चढाईला जायची आणि अंगात वारं भरल्यासारखी जायची. महिपतने तिचा एकही सामना बघितला नव्हता, कारण सामने रविवारी आणि लग्नंही रविवारी. दुसऱ्यांच्या मुलींना सासरी धाडताना तो हजर, स्वतःची मुलगी मैदानावर असताना गैरहजर. हंसा, म्हणजे त्याची बायको, हे त्याला दर रविवारी ऐकवायची, पण डबा भरून द्यायची.

त्या वर्षी मुंबईतल्या एका खाजगी कंपनीच्या महिला संघात एक जागा होती. खेळायचं आणि तिथेच नोकरी करायची. संघाच्या प्रशिक्षक मनोरमा मॅडम. त्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं होतं, मैदानावर येता येत नव्हतं. त्यांनी निरोप दिला, सामना रेकॉर्ड करून पाठवा, मी घरी बघते.

संचितासाठी ही जागा म्हणजे सगळं होतं. मिळाली तर खेळ राहणार. नाही मिळाली तर हंसाच्या भावाने मे महिन्यात स्थळं आणायची, हे घरात ठरलेलं. आणि व्हिडिओ काढणारा माणूस घरातच होता. इमारतीत सगळे म्हणाले, झालंच समजा.

महिपतने एक लग्न सोडलं आणि पहिला सामना काढला. घरी मिक्सिंग केलं आणि आम्हा सगळ्यांना बघायला बोलावलं. संचिता चढाईला निघाली की सनई लागायची. गडी बाद केला की वरून गुलाबाच्या पाकळ्या. ती जिंकून परत आली की चित्र हळू व्हायचं, मग बदामाच्या आकारात तिचा चेहरा. बायकांनी डोळे पुसले. मी विचारलं, "महिपत, हिने गडी कसा मारला? हाताने की पायाने?"

"लवूदादा, ते एवढं झटकन होतं, कोणाला दिसणार?"

"मैदानावर मला दिसतं."

"मैदानावर पाकळ्या असतात का?" तो म्हणाला, आणि बायका हसल्या.

सीडी गेली. चार-पाच दिवसांनी मॅडमचा फोन आला. महिपतने तो सगळ्यांना ऐकवायला म्हणून रिसीव्हर कानापासून लांब धरला होता. मी चहाला गेलो होतो, मीही ऐकला.

"शिगवण, तुमची मुलगी यात कुठली?"

"सात नंबर, मॅडम."

"नंबर कुठे दिसतोय? मला एक लाल पट्टा इकडून तिकडे गेलेला दिसतोय. तो गेला की फुलं पडतायत."

"ते मिक्सिंगमध्ये टाकलंय."

"काढा ते. आणि चढाई चालू असताना तिच्या तोंडावर काय जाता?"

"मुलगी आहे ना माझी, मॅडम."

"तोंड फक्त दम घुमवायला लागतं. बाकी खेळ पायाने होतो. मी चित्र थांबवलं तर पाय हा पाय दिसला पाहिजे. समोरचे सातही गडी दिसले पाहिजेत. एका जागेवरून, सलग, कापाकापी नको. महिनाअखेरीला संघ ठरतोय. जमतंय का बघा."

महिपतने रिसीव्हर हळूच ठेवला. हंसा म्हणाली, "चहा घ्या. पाकळ्या घालू का?"

त्या रात्री म्हणे तो जुन्या लग्नांच्या कॅसेटी लावून बसला. चित्र थांबवून थांबवून बघत होता. सकाळी माझ्याकडे आला तेव्हा चेहरा उतरलेला. "लवूदादा, एवढी वर्षं मी अक्षता काढतोय. एक अक्षता मला दिसली नाही. नुसत्या पांढऱ्या रेघा. पाऊस पडल्यासारखा."

"कोणी तक्रार केली?"

"कोणी नाही."

"मग कशी दिसेल?"

तक्रार नसली की हात सुधारत नाही, हे मी पॉलिशखात्यात पुष्कळ बघितलंय. आता तक्रार आली होती, आणि घरच्याच कामाची.

त्याने कपाटातून कॅमेऱ्याबरोबर आलेलं पुस्तक काढलं. ते अजून प्लास्टिकमध्येच होतं. संचिता झेरॉक्सच्या दुकानातून आली की त्याला वाचून दाखवायची. त्यातून कळलं ते एवढंच. कॅमेऱ्याच्या आत पापणी असते, तिला शटर म्हणतात. ऑटोवर ती सेकंदाच्या पन्नासाव्या भागापर्यंत उघडी राहते. तेवढ्या वेळात शाल फारशी हलत नाही, पण कबड्डीचा पाय हातभर जातो आणि त्याची रेघ होते. पापणी लवकर मिटली तर पाय जागेवर सापडतो.

आता हे करून बघायला वेगाने हलणारं काहीतरी पाहिजे. रोज सामना कोण खेळणार? महिपतच्या डोक्यात अक्षता होत्याच. त्याने हंसाला गॅलरीत उन्हात बसवलं आणि सूप हातात दिलं.

"पाखड."

"तांदूळ निवडून झालेत."

"तरी पाखड."

ती पाखडायला लागली. दाणे सुपातून वर उडायचे, परत सुपात पडायचे. महिपत समोर स्टँड लावून बसलेला. मग टीव्हीवर लावून, चित्र थांबवून बघायचं. बघायला मला बोलावलं, कारण खोट काढणारा माणूस त्याला पाहिजे होता. शटर पन्नासवर सुपावर नुसता पांढरा धूर. एकशेवीसवर शेवया झाल्या. अडीचशेवर शेवया तुटल्या आणि जिरं झालं. पाचशेवर तांदूळ. दाणा सुटा, टोकासकट.

"जमलं," महिपत म्हणाला.

"बाई कुठाय?" मी विचारलं.

दाणे सुटे झाले होते, पण हंसा काळीठिक्कर. पापणी लवकर मिटते म्हणजे उजेडही कमी आत येतो. हंसा मागून बघत होती. म्हणाली, "मी आधीच गोरी, त्यात हे."

मग महिपतने आतल्या भिंगाचं तोंड मोठं केलं. चित्र उजळलं. पण आता कॅमेरा कधी दाणे स्पष्ट दाखवायचा, कधी हंसाचं नाक. नजर कशावर ठेवायची हेही तो आपणच ठरवत होता. महिपतने ते बंद केलं आणि भिंग हाताने फिरवून सुपाच्या कडेवर बसवलं. हंसाने किती वेळ पाखडलं कोण जाणे. शेजारणी विचारायला लागल्या, काय कार्य आहे म्हणून.

"लग्न झाल्यापासून एवढा वेळ माझ्याकडे कधी बघितलं नव्हतंत," हंसा म्हणाली.

"मी तांदळाकडे बघतोय."

"तेच म्हणतेय."

ते तांदूळ नंतर कुटून त्याच्या भाकऱ्या केल्या, कारण अर्धे मोडले होते. मी एक खाल्ली.

अंगठ्याचं काय करायचं हे उरलं होतं. सवय बोटातून जात नाही. महिपतने झूमच्या बटणावर चिकटपट्टी लावली. एक थर लावला, मग अंगठ्याने कुरतडून काढला, मग तीन थर लावले.

आमच्या मंडळाच्या स्पर्धेचा अंतिम सामना मार्चमधल्या रविवारी होता. शांती नगरच्या मागच्या मोकळ्या मैदानावर. संचिताचा संघ त्यात होता. महिपत मंडळाच्या सेक्रेटरीकडे गेला, दशरथकडे. माईकही दशरथच सांभाळतो. माईक बंद असला तरी तो माईकवरच बोलतो.

"दशरथ, सामना चारला सुरू झाला पाहिजे. पाच-सव्वापाचला ऊन इमारतीमागे जातं. मग मला पाचशेवर काही दिसणार नाही."

"महिपतशेठ, चार म्हणजे चार. आपलं मंडळ वेळेचं पक्कं."

"आणि पाहुणे?"

"दाजीसाहेब येतायत ना. त्यांनाच साडेतीनला बोलावलंय."

दाजीसाहेब आमच्या भागातले पुढारी. निवडून आले नव्हते, पण येणार होते. दोन-तीन वेळा येणार होते. स्टेजच्या मागे त्यांचा फोटो लावला होता, माणसाच्या चौपट. त्यावर मोठे दिवे सोडले होते. मैदानाला चारही कोपऱ्यांत मिळून जेवढा उजेड होता, त्याच्या दुप्पट त्या फोटोला होता.

मी दुपारीच आखणी केली. महिपतने दोन टेबलं एकावर एक ठेवली, पाठीवर ऊन घेतलं आणि वर स्टँड लावला. "लवूदादा, मध्यरेषेवर उभे राहा." मी उभा राहिलो. त्याने माझ्या शर्टाच्या बटणावर नजर बसवली आणि त्या भिंगालाही चिकटपट्टी लावली. सगळं मैदान चौकटीत होतं. चार वाजता दोन्ही संघ गरम होऊन तयार होते. स्टेजवर सोफा तयार होता. सोफ्यावर कोणी नव्हतं.

"साहेब निघालेत," दशरथ माईकवर म्हणाला.

मग म्हणाला, साहेब फाटकापर्यंत आलेत. मग म्हणाला, साहेब दोनच मिनिटांत पोचतायत, तोपर्यंत त्यांच्या कार्याचा थोडक्यात परिचय. परिचय झाला. पुन्हा एकदा झाला. ऊन मैदानाच्या अर्ध्यावर आलं, मग बोनस रेषेवर, मग गच्चीच्या टाकीवर गेलं. महिपत टेबलावर उभा राहून बघत होता. संचिता गार पडलेले पाय पुन्हा गरम करत होती.

सहा वाजून गेल्यावर फटाके वाजले. दाजीसाहेब आले.

सत्काराचं शूटिंगही महिपतचंच होतं, मंडळाने त्याला त्यासाठीच बोलावलं होतं. त्याने चिकटपट्ट्या काढल्या, कॅमेरा खांद्यावर घेतला, स्वीच परत हिरव्या ऑटोवर टाकला. त्याला काहीच करावं लागलं नाही. शाल हळू येते. नारळ हळू येतो. हार घालणारा तर हार घालून तसाच थांबतो, कॅमेऱ्याकडे बघून. साहेबांचं भाषण त्याहून सावकाश. कबड्डीतली चपळाई आजच्या तरुणांनी अंगी बाणवावी असं ते म्हणाले, आणि ते म्हणायला त्यांना बराच वेळ लागला.

सत्कार संपला तेव्हा दिवेलागण झाली होती. महिपत पळत टेबलावर चढला. मी परत मध्यरेषेवर. चिकटपट्ट्या परत लागल्या. त्याने पाचशेवर बघितलं, मान हलवली. अडीचशेवर बघितलं. उजेड वाढवायचं बटण होतं ते वाढवून बघितलं.

"काय?" मी खालून विचारलं.

"मुंग्या. चित्रात नुसत्या मुंग्या फिरतायत." मग तो स्टेजकडे बघत राहिला. साहेबांच्या फोटोवर लख्ख उजेड होता. फोटो काही हलणार नव्हता.

तो टेबलावरून उतरला आणि सरळ साहेबांच्या सोफ्यापाशी गेला. लग्नात रुसलेल्या व्याह्याशी बोलतात त्या आवाजात बोलला.

"साहेब, एक सुचवू? स्टेजवर बसलेले पुढारी सगळ्यांच्या सीडीत असतात."

साहेबांनी बघितलं.

"मैदानाच्या कडेला, खेळाडूंच्या जवळ बसलेले कोणाच्या नसतात. तुम्ही तिकडे समोर बसलात ना, तर पूर्ण सामनाभर तुम्ही चित्रात. शिट्टी ते शिट्टी."

"पूर्ण सामना?"

"एक क्षण सुटणार नाही. फक्त दिवे तिकडे वळवावे लागतील. नाहीतर चेहरा काळा येतो."

साहेब उठले. सोफाही उठला, सहा कार्यकर्त्यांनी उचलला आणि पलीकडच्या बाजूला, माझ्या रेषेला लागून ठेवला. महिपत मांडववाल्याच्या इलेक्ट्रिशियनला ओरडून सांगत होता, "भाई, सब लाईट ग्राउंड पे मारो. सब."

"और फोटो?"

"फोटो जिंदा बैठा है ना उधर."

दिवे फिरले. मैदान उजळलं. अडीचशेवर सगळं स्वच्छ दिसायला लागलं. पाचशे नाही मिळालं. "जिरं," महिपत वरून म्हणाला. मी म्हटलं, "जिरं तर जिरं." शिट्टी झाली.

संचिताने पहिल्या चढाईत दोन गडी मारले. टाळ्या पडल्या. मी महिपतकडे बघितलं. त्याचा अंगठा चिकटपट्टीवर पुढे-मागे होत होता, पण चित्र हललं नाही. दुसऱ्या चढाईत ती पकडली गेली, नंतर पुन्हा एकदा. चुरस होती. मध्यंतरानंतर सामना बरोबरीला आला आणि नेमके तेव्हाच साहेब उठले. त्यांना आणखी कुठेतरी जायचं होतं.

साहेब उठले म्हणून कार्यकर्ते उठले. कार्यकर्ते उठले म्हणून प्रेक्षक वळले. पंचाने खेळ थांबवला नाही, कारण समोरच्या संघाची गडीण चढाईला आत आलेली. दशरथ माईकवर म्हणाला, "साहेब निघतायत. व्हिडिओवाले, कृपया साहेबांकडे लक्ष द्यावं."

एवढी वर्षं लक्ष द्यावं म्हटलं की महिपतचा कॅमेरा फिरला होता. वराकडचे आले, फिर. आमदार आले, फिर. केक आला, फिर.

"महिपतशेठ, साहेबांकडे."

महिपतने दोन्ही हात कॅमेऱ्यावरून काढून पाठीमागे घेतले. कॅमेरा होता तिथे राहिला.

मी त्या वेळी काय बघत होतो? साहेबांच्या सोफ्याचा पाय माझ्या रेषेवर आला होता आणि फक्की पुसली गेली होती. मी ते बघत होतो. परत मैदानाकडे बघितलं तेव्हा समोरची गडीण बाहेर चालली होती आणि संचिताच्या संघाला गुण मिळाला होता. कसा मिळाला, कोणाला विचारावं असं वाटलं, पण सगळे साहेबांना हात दाखवत होते.

नंतर समोरच्यांनी दोन गुण काढले. शेवटची चढाई संचिताची. एक गुण आणला तर बरोबरी. ती आत गेली, वळली आणि पकडली गेली. तिसऱ्यांदा. हरले.

मिक्सिंगच्या वेळी मला बोलावलं. चित्र चांगलं होतं. थांबवलं की पाय हा पाय दिसत होता, घोट्याचं हाडसुद्धा. मागे सोफ्यावर साहेब होते, शिट्टीपासून ते उठून जाईपर्यंत, दिलेल्या शब्दाप्रमाणे. पण भिंगाचं तोंड उजेडासाठी पूर्ण उघडलं होतं आणि नजर मध्यरेषेवर बसवली होती. त्यामुळे साहेब म्हणजे एक पांढरा डाग होता. मधून मधून डाग हात हलवायचा.

संचिता दारात उभी होती. "पप्पा, ती शेवटची चढाई काढून टाका ना. आधीच्या पण दोन. तिन्हीत मी पडलेय ते किती स्पष्ट दिसतंय."

"काढा," हंसा म्हणाली. "लग्नातली भांडणं नाही काढत? त्या मीरा रोडच्या लग्नात वरबापाने ताट भिरकावलं, सीडीत ताट आहे का?"

नव्हतं. महिपतचा कापण्यात हात कोणी धरला नसता. त्याने माऊस त्या जागेवर नेला. एक बटण दाबायचं होतं. मुलगी हरलीच नसती.

त्याने माऊसवरून बोट उचललं. मग म्हणाला, "मॅडमनी सलग मागितलंय. आणि हेच लपवायचं होतं, तर तुझ्या आईने तांदूळ कशाला पाखडले? धूर होता तोच बरा होता."

संचिता आत गेली. दार जरा जोरात लागलं. सीडी सलग गेली.

साहेबांच्या सीडीसाठी दशरथ रोज येत होता. महिपतने त्यांना सत्काराची दिली, ऑटोवरची. शाल हळू केली, हार आणखी हळू केला, सनई टाकली, पाकळ्या टाकल्या आणि शेवटी बदामात साहेब. साहेब फार खूश झाले. ती सीडी त्यांनी दुकानादुकानांत दाखवली म्हणे. सामना त्यांनी मागितलाच नाही.

"त्यांना पन्नासचं शटर पुरतं," महिपत मला म्हणाला. "हलत काही नाही ना."

महिनाअखेरीला फोन आला. महिपतने या वेळी रिसीव्हर कानाला घट्ट लावला, पण मॅडमचा आवाज तसाही बाहेर येतो. संचिता स्वयंपाकघराच्या दारात, हंसा तिच्या मागे.

"शिगवण, मुलगी वळताना डावा पाय मागे सोडते. तीनदा पकडली गेली, तिन्ही वेळा तोच पाय."

"हो, मॅडम."

"चढाईसाठी मला ती नको."

"हो, मॅडम." महिपत खाली बसला.

"पण उजव्या कोपऱ्यात तिने ती जी पकड केली, ती मी घरातल्या सगळ्यांना दाखवली. तसा घोटा धरणारी माझ्याकडे एक नाही. सोमवारी सकाळी पाठवा तिला. कोपऱ्यावर खेळेल."

"कुठली पकड, मॅडम?"

"तुम्हीच काढलीत आणि मला विचारता? मागे तो पांढरा डाग उठून उभा राहतो बघा, तेव्हाची."

महिपतने फोन ठेवला. संचिताला हसावं की रडावं कळत नव्हतं. चढाईवाल्यांना कोपऱ्यावर उभं राहणं म्हणजे दुसऱ्याच्या लग्नात वाढायला उभं राहिल्यासारखं वाटतं. "कोपरा?" ती म्हणाली. "मला कोपऱ्यावर कोणी कधी बघितलंय तरी का?"

"लाव," हंसा महिपतला म्हणाली.

डाग उठला. सगळ्या प्रेक्षकांच्या पाठी झाल्या. दशरथचा आवाज, व्हिडिओवाले, कृपया. आणि चौकटीच्या अगदी कडेला, उजव्या कोपऱ्यात, संचिता खाली वाकली. समोरचीचा पाय बोनस रेषेवर आला आणि ती जणू आधीच तिथे होती. महिपतने चित्र थांबवलं. दोन हात, एक घोटा. अंगठ्याने झूम केलं असतं तर ती जागा चौकटीबाहेर गेली असती. साहेबांकडे फिरला असता तरी गेली असती.

हंसा टीव्हीजवळ गेली आणि वाकून बघितलं. "बोटं मोजता येतायत," ती म्हणाली.

संचिताने रिमोट घेतला आणि ते मागे नेऊन पुन्हा लावलं. मग पुन्हा. चौथ्यांदा मी उठलो, माझी जेवणाची वेळ झाली होती.

सोमवारी ती निघाली तेव्हा मी खाली पायरीवर होतो. महिपत मागून आला, कॅमेऱ्याची पिशवी खांद्यावर.

"येऊ का गं तिकडे? सरावाचं थोडं काढतो."

"पप्पा, तुम्हाला लग्न आहे."

होतं. तो लग्नाला गेला. तिथे त्याने अक्षता पाचशेवर काढल्या, हॉलमध्ये स्वतःचे दिवे लावून. एकेक दाणा सुटा. मुलीच्या बापाने सीडी बघितली आणि तक्रार घेऊन आला. म्हणाला, अक्षता फारच कमी पडलेल्या दिसतायत, लोकांना वाटेल पाहुण्यांनी हात आखडला. दोन-तीन माणसं तर नुसताच हात हलवतायत, तेही दिसतंय.

महिपतने ते सगळं ऐकून घेतलं. सीडी परत घेतली आणि अक्षतांवर पाकळ्या टाकून नवी दिली.